शोल पोडियाट्री महाविद्यालय, नॉर्थ शिकागो : चार वर्षांनंतरचे मत

पायाच्या डॉक्टरची अमेरिकेत स्वतंत्र पदवी असते, हे सोलापूरच्या नातेवाइकांना सांगताना मला नेहमीच दोन-तीन वाक्ये जास्त खर्चावी लागतात, कारण आपल्याकडे पायाची जखम चिघळली की माणूस सर्जनकडे जातो, टाच दुखली की हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि कुरूप झाले तर बहुधा कोणाकडेच जात नाही. ही पदवी म्हणजे डी.पी.एम. (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन), आणि तो पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यापुढे तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण असते, आणि ती पूर्ण करणारा पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायाचा डॉक्टर, औषधे लिहून देतो, तसेच पायाच्या हाडांच्या शस्त्रक्रियाही करतो. हे शिक्षण देणारी महाविद्यालये साऱ्या अमेरिकेत 11 आहेत. त्यांपैकी रोझलिंड फ्रँकलिन विद्यापीठाच्या शोल महाविद्यालयात मी शिकले.

पायांच्या दुखण्यावरील वस्तूंमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, त्या डॉ. विल्यम शोल यांनी 1912 मध्ये शिकागोत हे महाविद्यालय सुरू केले. 2001 मध्ये ते नॉर्थ शिकागोतील वैद्यकीय विद्यापीठात सामील झाले आणि 2004 मध्ये त्या विद्यापीठाला शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव देण्यात आले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे वर्ष 2001 हे आहे. एम.डी. (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी), फार्मसी आणि फिजिशियन असिस्टंटचे (डॉक्टरच्या प्रशिक्षित सहायकाचे) विद्यार्थी त्याच आवारात शिकत असल्यामुळे, रुग्णाच्या पायावरचा व्रण हा त्याच्या मूत्रपिंडाशी, रक्तवाहिन्यांशी आणि रोजच्या गोळ्यांशी जोडलेला असतो, ही गोष्ट इथे पुस्तकाबाहेरही सतत समोर येत राहते. पायापुरतेच पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातून पाय वाचत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून हे शिक्षण वैद्यकीय विद्यापीठातच घ्यावे असे मला वाटते.

शरीररचनाशास्त्राचा अभ्यास मला सर्वांत कठीण गेला आणि सर्वांत आवडलाही. एका पावलात 26 हाडे असतात आणि तळव्यात स्नायूंचे चार थर असतात. शवविच्छेदन करताना त्वचेखालची चरबी आणि तिच्याखालचा जाड, पांढरा पडदा दूर करून एकेक थर उलगडत हाडापर्यंत जावे लागते, आणि त्या वाटेत एखादी बारीक नस तुटली तर ती पुन्हा दाखवता येत नाही. दुसऱ्या वर्षानंतरच्या राष्ट्रीय परीक्षेच्या पहिल्या भागात पाय आणि घोट्याच्या रचनेवर भरपूर प्रश्न असतात, त्यामुळे हा भाग पाठ करून भागत नाही. तो हाताला कळावा लागतो.

विद्यापीठाला लागूनच कॅप्टन जेम्स लव्हेल केंद्र आहे, जिथे 2010 पासून नौदलातील सैनिक आणि निवृत्त सैनिक या दोघांवरही उपचार होतात. लांब चालून पावलाच्या हाडाला बारीक तडा गेलेला विशीतला नौसैनिक आणि तळव्यातली जाणीव गेलेला सत्तरीचा मधुमेही माजी सैनिक, हे या शास्त्राचे दोन टोकांचे रुग्ण आहेत, आणि ते दोघेही एकाच छताखाली यावेत अशी ही जागा आहे.

जाणीव तपासण्याची पद्धत अगदी साधी आहे. 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवायचा आणि डोळे मिटून बसलेल्या रुग्णाने स्पर्श कळला की सांगायचे. तंतू वाकतो आणि रुग्ण काहीच बोलत नाही, त्या क्षणी खोलीत जी शांतता होते, तिची मला अजूनही सवय झालेली नाही. त्यानंतर आम्ही रुग्णाचा बूट मागून घेतो आणि आत हात घालून तळ चाचपतो, कारण खडा किंवा चुकेचे टोक त्याला दिवसभर टोचत असले तरी त्याला ते कळलेले नसते. या विचाराचे मोठे मूळ भारतात आहे. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, तर वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती जातात, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे काम करताना दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेच ज्ञान मधुमेही पायांच्या उपयोगी पडले. आईच्या तळव्याची जखम चपलेला लागलेले रक्त पाहून घरात कळली होती, म्हणून हा धडा मला नुसता अभ्यासाचा वाटला नाही.

आता ज्या गोष्टी प्रवेशाआधी नीट समजून घ्यायला हव्यात, त्या. या पदवीची वाट पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. मध्येच मन हृदयरोगाकडे किंवा बालरोगाकडे वळले, तर बहुतेक सगळे पुन्हा सुरू करावे लागते. घोट्याच्या शस्त्रक्रियेबाबतचे अधिकार राज्याराज्यांत वेगळे आहेत. शुल्क जड आहे, आणि परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. पुण्यातल्या एका सल्लागाराने मला सांगितले होते की परत येऊन या पदवीवर भारतात डॉक्टर म्हणून दवाखाना थाटता येईल. ते चुकीचे होते, कारण भारतात डी.पी.एम.ला एम.बी.बी.एस.ची बरोबरी नाही. अमेरिकेत राहून काम करायचे नसेल, तर हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. ज्यांना तिथेच राहायचे आहे आणि हाताने करण्याच्या कामाची ओढ आहे, त्यांना मी शोल महाविद्यालय मनापासून सुचवते.

अर्ज भरण्यापूर्वी मात्र एखाद्या पोडियाट्रिस्टच्या दवाखान्यात चार-पाच दिवस बसून पाहावे. शस्त्रक्रिया एखाददुसरीच दिसेल. बाकी वेळ जाड झालेली नखे कापणे, घट्टे तासणे, जखम धुणे आणि वाकता न येणाऱ्या वृद्धांच्या पायात मोजे चढवून देणे यात जाईल. पाचव्या दिवशीही समोरचा पाय आपणहून हातात घ्यावासा वाटला, तर अर्ज भरावा.