१५ लिटरचा गीझर, बोअरचं पाणी आणि पिशवीत राहिलेला पितळी व्हॉल्व्ह

१५ लिटर, २००० वॉट, आतून काचेचं अस्तर दिलेली पोलादी टाकी. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, दुकानात गेलात तर बहुधा हाच गीझर पुढे येतो. कंपनी कुठलीही असली तरी आतले भाग जवळपास तेच, म्हणून हा अभिप्राय नावावर नाही, रचनेवर आहे. यंत्र म्हणून चांगलं. बसवणारे मात्र पुष्कळदा त्याची निम्मी सुरक्षितता पिशवीतच ठेवून जातात.

आधी तापवण्याचं. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला १८ ते २० मिनिटं आणि सुमारे ०.६ युनिट लागतं. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर आलं की दोन-तीन मिनिटं जास्त. त्यात विसण घातलं की अंगाला सोसवेल असं ४० अंशांचं साधारण ३० लिटर पाणी होतं. बादलीने दोघांच्या अंघोळी आटोपतात, शॉवरखाली रेंगाळणाऱ्या एकाचीच. चौघं पाठोपाठ अंघोळ करत असतील तर २५ लिटरचा घ्या. वीजबचतीचे पाच तारे पाहून जास्त पैसे मोजण्याआधी एक लक्षात घ्या: तापलेल्या टाकीतून उष्णता किती झिरपते ते तारे सांगतात, पाणी किती पटकन तापेल ते नाही. अंघोळीपुरता वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याला त्यांचा फायदा थोडाच.

आता तो व्हॉल्व्ह. खोक्यातल्या पिशवीत बोटभर लांबीचा, दांडी असलेला पितळी भाग असतो. थंड पाण्याच्या, म्हणजे निळ्या खुणेच्या तोंडाला तो बसवायचा, बाण टाकीकडे. तो पाणी मागे जाऊ देत नाही, दाब त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या (बहुधा ८ बार) वर गेला की पाणी सोडतो आणि दांडी उचलली की टाकी रिकामी करतो.

पाणी तापताना यातून थेंब पडतात, आणि घात होतो तो इथेच. २५ वरून ६० अंशांवर जाताना पाणी जवळपास दीड टक्का फुगतं, १५ लिटरांत पेलाभर. मागची वाट बंद असल्यामुळे ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. घरचे म्हणतात "गळतंय", मग प्लंबर तोंडाला बूच मारतो किंवा व्हॉल्व्ह काढून साधं निपल (आटे पाडलेला नळीचा तुकडा) लावतो. बूच मारलेलं असताना थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) चिकटला आणि कटआउटनेही (पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या दुसऱ्या भागानेही) दगा दिला, तर दाबाला वाट उरत नाही. टाकी फाटते ती अशी. तेव्हा थेंब पडू द्या. गीझर गार असतानाही थांबत नसतील तर आत क्षार अडकलाय: दांडी चार-पाच वेळा उचलून पाणी जोरात वाहू द्या, तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. थेंबाच्या नळीचं तोंड खाली आणि उघडं हवं. तिच्यावर, किंवा व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये, तोटी अजिबात नको.

सोलापुरात या व्हॉल्व्हचा आणखी एक उपयोग आहे. नळाला पाणी रोज येत नाही, गच्चीवरची टाकी तळाला लागते. पाणी मागे जाणं अडवणारं काही नसेल तर खालच्या मजल्यावर नळ उघडताच गीझरमधलं पाणी उलटं उतरू शकतं. पाणी तापवणारी कॉइल उघडी पडते, बटण दाबलं की जळते, आणि शिव्या कंपनी खाते.

बोअरच्या जड पाण्यात क्षार कॉइलवरच बसतो, कारण सगळ्यात गरम जागा तीच, आणि ६० अंशांच्या वर तो अधिकच भराभर बसतो. तापमानाची चकती कमाल खुणेवर ठेवणं म्हणून तोट्याचं. तापताना ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येऊ लागला की साफसफाईची वेळ झाली. मेन स्विच बंद, थंड पाण्याची तोटी बंद, गरम पाण्याचा नळ उघडा (हवा आत गेल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही), मग दांडी उचला. कॉइल काढून लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून काही तास बुडवून ठेवा. फरशी धुण्याचं ॲसिड नको, ते कॉइलचं तांबं खातं. रबरी गॅस्केट नवीनच घाला. जोडून झाल्यावर गरम नळातून फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत बटणाला हात लावू नका. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी बघा. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. जाडी निम्म्याखाली गेली असेल तर बदला. बोअरवर वर्षाला एकदा तपासणी धरूनच चाला, गीझर विकताना ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही.

कटआउट एकदा पडला तर परत दाबा. पुन्हा पडला तर बहुधा थर्मोस्टॅट गेलाय. वायर थेट जोडून "चालू करून देणाऱ्या" कारागिराला दारातूनच परत पाठवा.

६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी गंभीरपणे भाजतं, ५० अंशांना त्याच भाजण्याला काही मिनिटं लागतात. आपल्याकडे आधी कढत पाणी आणि वरून विसण, ही बंबाच्या काळापासूनची रीत. घरात लहान मूल असेल तर क्रम उलटा करा: आधी गार, मग गरम.

विजेचं थोडक्यात: १६ ॲम्पिअरचा सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खरं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच तोडणारा स्विच). गरम पाण्याचा पाईप सीपीव्हीसीचा. साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. भरलेला गीझर पंचवीसेक किलोचा होतो, चार इंची भिंतीत लाकडी गुट्ट्यावर टांगू नका.

काही गीझरच्या चकतीवर बर्फाच्या चांदणीची खूण असते. पाणी गोठू नये इतपतच ऊब त्या खुणेवर राहते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून लेहसारख्या ठिकाणी पाईप फुटतात. तिथेही ही खूण टाकी वाचवते, बाहेरचे पाईप नाही. त्यांना फोमचं वेष्टण हवं, नाहीतर ते रिकामे ठेवायचे. सोलापुरात या खुणेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. फोमची काळी नळी मात्र इथेही घ्या, गच्चीवरच्या सोलर हीटरपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाईपवर. उघडी ठेवलीत तर आपलं ऊन तिचा भुगा करतं, वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा.