राणीचं बाळंतपण आणि साताऱ्यातलं आमचं जनावरांचं क्लिनिक

आमची राणी लॅब्राडोर कुत्री, ३ वर्षांची, पहिलटकरीण. मेटिंगनंतर २५-२६ दिवसांनी तिचं खाणं अचानक कमी झालं, सड गुलाबी होऊन फुगल्यासारखे दिसायला लागले, आणि घरात लगेच चर्चा सुरू, आहे की नाही? शेजारच्या काकू म्हणाल्या मेडिकलमधून बायकांचं ते किट आणून बघ, पण डॉक्टरांनी सांगितलं की ते कुत्रीला चालतच नाही, ते हार्मोनच वेगळं असतं. आणि नुसत्या सडांवरून पण ठरवायचं नाही, कारण गाभण नसताना सुद्धा कुत्रीला दूध येतं, चादरी ओढून कोपऱ्यात जागा करत बसते.

३० व्या दिवशी सोनोग्राफी केली, ८०० रुपये. स्क्रीनवर ठोके लुकलुकताना दाखवले, आई तर रडायलाच लागली. किती पिल्लं विचारलं तर सरळ म्हणाले, ४ तरी आहेत, पण आकडा आत्ता सांगणार नाही, ५५ दिवसांनंतर एक्स-रेला या, तोपर्यंत हाडं नीट दिसायला लागतात. मला हे फार आवडलं, उगाच ठोकून दिलं नाही.

आधी एका दुकानातून कॅल्शियमचं सिरप आणलेलं, रोज द्या म्हणून. डॉक्टरांनी ते पहिलं बंद केलं. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून काढायचं विसरतं, आणि व्यायल्यावर दुधात सगळं जायला लागलं की झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. त्यापेक्षा शेवटचे ३ आठवडे पपी फूड, थोडं थोडं चार वेळा.

५६ व्या दिवशीच्या एक्स-रेत डॉक्टरांनी पेनाने एकेक कवटी मोजून दाखवली, ६. मणके अगदी बारीक मण्यांच्या माळेसारखे. मग रोज दोनदा ताप बघून कॅलेंडरवर लिहायला लावला, एरवी १०१ च्या पुढे असायचा, ६१ व्या दिवशी संध्याकाळी ९८.६, म्हणजे साधारण दिवसभरात विणार. जुनी नऊवारी अंथरलेलं खोकं तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदोनपर्यंत ५ झाली आणि मग काहीच नाही, ती शांत पडून पिल्लं चाटत होती. एक्स-रे काढला नसता तर आम्ही संपलं म्हणून झोपलो असतो. फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. कळा देतेय का? हिरवं पाणी गेलंय का? नाही म्हटल्यावर म्हणाले घाबरू नका, पिल्लं अंगाला लावा, अंगणात एक चक्कर मारून आणा, जोर लावत असताना अर्धा तास पिल्लू आलं नाही तर मात्र गाडीत घालून निघा. अडीचला सहावी आली, सगळ्यात लहान, काळी. वार पण सगळ्या मोजल्या, ६ च्या ६.

तक्रार एकच, टोकन सिस्टीम नाही. संध्याकाळी दीड तास थांबावं लागतं आणि बाकीची कुत्री भुंकत असताना गाभण कुत्रीला तिथे बसवणं बरं नाही, आम्ही तिला गाडीतच ठेवायचो. सकाळी साडेनऊला गेलात तर गर्दी नसते. आता सगळी पिल्लं १५ दिवसांची झालीत, डोळे उघडलेत, उद्या जंताच्या औषधाला नेतोय.