निळा पोर्ट पाहून खूश झालो, तिथंच फसलो

लाज वाटते लिहायला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सातबारा, पीकविम्याचे फॉर्म भरायला लोक माझ्याकडे येतात, 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात. अन् मलाच कोणीतरी २०१० च्या काळातलं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय म्हणून चिकटवलं. ४,८०० रुपये, वर कुरिअरचे १८०.

मी येडा नाही. मशीन जुनं, प्रोसेसर आय५-२४००, रॅम ८ जीबी. मला खेळायचा होता तो जीटीए फाइव्ह गेम, त्याला रॅम तेवढीच सुचवलेली, प्रोसेसर थोडा वरचा, कार्ड जीटीएक्स ६६०. म्हणजे अडत होतं ते कार्डावरच. नागपूरला जाऊन घ्यायचं तर दिवस मोडतो, अन् वेचणीला बाया ठरलेल्या. म्हणून जुन्या वस्तूंच्या ग्रुपवरून घेतलं. पैसे आधीच यूपीआयनं पाठवले. हो, माहीत असून.

खोका उघडला तर कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल लागते तो. माझा मॉनिटरही व्हीजीएचाच! कनव्हर्टरचे पैसे वाचले म्हणून मी खूश. अरे, १०५० टीआयला व्हीजीए नसतोच! त्या पिढीच्या चिपमधून तसा सिग्नलच निघत नाही. हे मला माहीत होतं, हेच जास्त डाचतं.

विकणाऱ्याचा मेसेज आला, "दादा, पॉवरची केबल लागंल." ७५ वॅटचं कार्ड, बहुतेकांना ती लागत नाही. तरी मी १,४५० चा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, आणला. पुढं म्हणे, "मी देतो तोच ड्रायव्हर टाका, कंपनीचा टाकू नका." कोणी असं म्हटलं की तिथंच व्यवहार मोडा.

गेम रडतखडत सेकंदाला दहा फ्रेमवर, दोन मिनिटांत स्क्रीन गोठायची. कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर टाकलं तर नावाआधीच 'फेक'. शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे चिपमधले छोटे भाग, १९२; खऱ्याला ७६८ असतात. कार्डाचा बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून नाव तेवढं नवं केलेलं, मेमरीही चारच्या जागी एकच जीबी. विकणाऱ्याकडून हाच स्क्रीनशॉट आधी मागा, तोही त्या दिवशीच्या तारखेसकट.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "गेम खेळाले डबा घेतला अन् आता पोलिस पाह्यजे? वावरात काम नाही का रे?" अर्ज घेतलाच नाही, यवतमाळला जा म्हणाले. यवतमाळात सांगितलं, आधी तुमच्या ठाण्याचा अर्ज आणा. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. पेट्रोलचे ३०० गेले. बँकेतला म्हणतो, पैसे तुम्हीच पाठवले ना? हो बावा, मीच पाठवले, फसलो म्हणूनच तर आलो! चोराला कोणी विचारत नाही, मलाच सगळे विचारतात. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तोही नऊ दिवसांनी. तुम्ही त्याच तासात करा.

एकूण ६,७३०. नंबर बंद आहे. त्याच निळ्या पोर्टला मॉनिटर लावून सध्या सातबारे काढतो. ते तर कार्डाशिवाय, मशीनच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवरही निघत होते.