अरोकेरिया की मोरपंखी?
नाताळ जवळ आला की फतेगंजकडची गिऱ्हाइकं आमच्या बडोद्यातल्या नर्सरीत 'क्रिसमस ट्री' मागतात, म्हणजे अरोकेरिया. दिसतं देखणं, फांद्या मजल्यामजल्यानं. पण वाढ सावकाश, मेच्या ४० अंशांपुढच्या उन्हात हिरव्या जाळीखाली जपा, आणि शेंडा मोडला की आकार गेला. बाजूच्या फांदीचं कलम लावलं तर रोप आडवंच वाढतं. २६ डिसेंबरला उरलेल्या कुंड्यांकडे कुणी बघत नाही.

मोरपंखी म्हणजे चपट्या, पिसासारख्या पानांचं शोभेचं झाड; तिला ऊन बाधत नाही. फाटकाशी लावायला बारा महिने खपते, चांदण्या टांगल्या की नाताळातही चालते. पैसे कमी सुटतात, खरंय. तरी दहा मोरपंखींमागे मी दोनच अरोकेरिया ठेवतो, तेही आगाऊ पैसे घेऊन.