इलेक्ट्रॉनिक्सचं मास्टर्स: जर्मनीतली दोन वर्षं की ब्रिटनमधलं एक?

ई अँड टीसीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगचं, शेवटचं वर्ष आलं की घरात दोन वाक्यं फिरायला लागतात. जर्मनीत फुकट शिकवतात आणि ब्रिटनमध्ये एका वर्षात आटपतं. दोन्ही अर्धीच खरी आहेत. मी ड्रेस्डेनला शिकलो, बीईला माझ्या शेजारी बसणारा मित्र साउदॅम्प्टनला गेला. त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब घरचाच आहे.

आधी ‘फुकट’चं बघू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, सेमिस्टरला काहीशे युरो भरले की झालं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घेऊ लागलंय. शिवाय व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. पैसे आपलेच, पण हातात येतात महिन्याला ९९२. युरो शंभर रुपये धरला तर वर्षाला बारा लाख. कोर्स कागदावर चार सेमिस्टरचा असला तरी बऱ्याच जणांना पाच-सहा लागतात, तेही धरा.

ब्रिटनमध्ये नावाजलेल्या विद्यापीठाची या विषयाची फी ३०,००० पौंडांच्या आसपास किंवा वर जाते, म्हणजे पस्तीसेक लाख. राहणं-खाणं वेगळं. आरोग्य सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, तोही व्हिसाबरोबरच आगाऊ. घर गहाण ठेवून कर्ज काढायचं असेल तर हा फरक लहान नाही.

पण माझ्या मते खरा फरक कॅलेंडरचा आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबरच्या शेवटी उतरायचं, जानेवारीत परीक्षा, मेपर्यंत दुसरं सत्र, उन्हाळाभर प्रोजेक्ट. एकूण १८० क्रेडिट. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच निघतात. मित्र म्हणायचा, ‘अरे, मला इथल्या लॅबचा दरवाजा कुठे उघडतो ते माहीत नाही आणि हे विचारतायत इथे काय केलंस!’ त्याने बीईनंतर तीन वर्षं चिप व्हेरिफिकेशनची (चिपचं डिझाइन बरोबर आहे का ते तपासण्याची) नोकरी केली होती, म्हणून त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. वर्गातल्या फ्रेशर्सकडे नव्हतं.

जर्मनीत दुसऱ्या सेमिस्टरपासून मी वेर्कश्टुडंट होतो, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम, आठवड्याला वीस तास. पहिले दोन महिने नुसती सर्किट बोर्डांची मोजमापं घेऊन आकडे एक्सेलमध्ये भरले. मग एका पॉवर सप्लायच्या आउटपुटवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, नको तेवढा दिसायला लागला. सर्किट बरोबर, लेआउट बरोबर. आठवडाभर डोकं खाजवल्यावर कळलं की जागा वाचवायला लावलेला इवलासा सिरॅमिक कपॅसिटर डीसी व्होल्टेज लागलं की क्षमतेने निम्म्याहून कमी उरत होता. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते. इंटरव्ह्यूमध्ये मी तिच्यावर पंधरा मिनिटं बोललो.

याची किंमत म्हणजे भाषा. इंग्रजीतला कोर्स घेतला तरी हार्डवेअरच्या बेंचवर लोक जर्मनच बोलतात. पुण्यात असाल तर मॅक्समुलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट जवळ आहे. जर्मनची बी१ ही मधली पातळी इथूनच करून जा, तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही. आणि केटीची (नापास विषय पुढच्या वर्षात नेण्याची) सवय असेल तर सावध राहा. तिथे बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच प्रयत्न असतात, तिसराही गेला तर तोच विषय देशात दुसरीकडे शिकणंही अवघड होतं.

नोकऱ्यांचं बोलायचं तर ड्रेस्डेनमध्ये इन्फिनिऑन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज यांचे चिप कारखाने एकाच गावात आहेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतल्या फॅबचं (चिप कारखान्याचं) भूमिपूजन झालं. पण वाहनउद्योग मंदावलाय, बॉश आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने हजारो जागा कमी करायचं जाहीर केलंय. ब्रिटनमध्ये केंब्रिजला चिप डिझाइन करणारी आर्म आहे, आणि १९७८ च्या इनमॉस या चिप कंपनीपासून ब्रिस्टलला चिप डिझाइनची परंपरा आहे. मात्र तिथलं बरंच इलेक्ट्रॉनिक्स संरक्षण क्षेत्रात आहे. त्या जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, आणि नुकत्याच आलेल्या भारतीयाला तो मिळणं कठीण. ब्रोशरमध्ये हे कुणी लिहीत नाही.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला ब्रिटन दोन वर्षं देत आलंय. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच मिळतील. जर्मनीतही १८ महिनेच आहेत, म्हणजे हा मुद्दा आता बरोबरीत सुटला.

फ्रेशर असाल, मोजून-सोल्डर करून शिकायचं असेल, तर मी जर्मनीच म्हणेन. तीन-चार वर्षांचा व्हीएलएसआयचा (चिप डिझाइनचा) अनुभव आणि थोडी शिल्लक असेल तर ब्रिटनचं एक वर्ष वाया जात नाही. माझा मित्र आज मजेत आहे.

जर्मनी ठरलं तर एपीएस प्रमाणपत्राचं (आपल्या पदवीची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) काम आधी लावा, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि कन्सल्टंटकडे जाणारच असाल तर एक लक्षात ठेवा: ब्रिटिश विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात, जर्मन सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. मला एकाने पाऊण तास ‘जर्मनीत काही राम नाही’ हे पटवलं होतं. का, ते मला ड्रेस्डेनला पोचल्यावर कळलं.