सांगलीच्या हळद-बेदाणा पेढीची वेबसाइट वर्डप्रेसवर : एक हंगाम वापरल्यानंतर

आधी निकाल : हळद-बेदाण्याच्या पेढीसाठी वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालतं, चांगलं चालतं. मात्र पहिल्या दिवशी दोन-तीन सेटिंग बदलली नाहीत, तर पुढे सगळं उलगडत बसावं लागतं. हा अनुभव स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेल्या वर्डप्रेसचा आहे, डॉट कॉमवरच्या सेवेचा नाही. साधं शेअर्ड होस्टिंग, हलकी थीम, ब्लॉक एडिटर, आणि मजकूर टाकणारा माणूस पेढीवरचाच.

गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. तेव्हापासून बरीच छोटी दुकानं इकडे वळली. त्या फुकट पानावर पत्ता, फोन आणि चार फोटो एवढंच असायचं. इथे मोकळीक आहे, आणि खरी अडचणही तीच : पान रिकामं ठेवायची सोय राहत नाही.

सुरुवात टाइमझोनपासून करा. इंग्रजीतून बसवलेलं वर्डप्रेस यूटीसी वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. सेटिंग्जमध्ये ‘कोलकाता’ निवडलं नाही, तर सकाळी 9 ची म्हणून लावलेली पोस्ट दुपारी 2:30 ला झळकते. तोवर सौदे उरकलेले असतात.

पानाच्या पत्त्याचं प्रकरण जास्त त्रासाचं. मराठी शीर्षक लिहिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता तयार करतं. आत मात्र देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा टक्क्याच्या चिन्हांसह नऊ खुणांची होते, आणि मर्यादा 200 खुणांची. म्हणजे साधारण 22 अक्षरं-मात्रांत खेळ संपला. ‘राजापुरी हळद आणि सेलम हळद यांतला फरक’ या शीर्षकाचा पत्ता दुसऱ्या ‘हळद’वर येऊन तुटतो. वर तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि गिऱ्हाईक ती फसवी लिंक समजून उघडतच नाही. उपाय सोपा आहे : शीर्षक मराठीत ठेवायचं, पत्ता प्रकाशित करण्याआधीच रोमन लिपीत तीन-चार शब्दांत हाताने लिहायचा. नंतर बदलायची वेळ आलीच, तर एक भेद लक्षात ठेवा. ‘पोस्ट’चा जुना पत्ता वर्डप्रेस स्वतःच नव्याकडे वळवतं, ‘पेज’च्या बाबतीत तशी नोंद ठेवत नाही. दर, संपर्क, उत्पादनं हे सगळं पेजवर असतं, त्यामुळे तिथे 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) हाताने लावावा लागतो.

आता ताज्या मजकुराबद्दल. इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो. ‘हळदीचे 21 फायदे’ छापाचा लेख कुणाकडून तरी लिहून घेतला जातो, तोच मजकूर थोड्या फेरफाराने शेकडो ठिकाणी आधीच पडलेला असतो, आणि गूगल तो वाचून बाजूला ठेवतं. सर्च कन्सोलमध्ये (आपली पानं गूगलच्या शोधात कशी दिसतात ते दाखवणारं गूगलचं साधन) ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही’, म्हणजे वाचलं पण शोधात घेतलं नाही, अशी नोंद दिसते. एआयकडून महिन्याला पन्नास लेख पाडून घेण्याचाही तोच शेवट. मार्च 2024 पासून असा घाऊक मजकूर गूगलच्या स्पॅम धोरणातच बसतो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. शिवाय ‘अमुक रोग बरा होतो’ असा दावा खाद्यपदार्थ विकणाऱ्याला करताच येत नाही. एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2018 चे जाहिरात व दाव्यांचे नियम त्याला मनाई करतात, आणि वेबसाइटही त्यातून सुटत नाही. तीच खबरदारी जीआयबाबत. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसताना त्याची खूण पानावर लावू नये.

अस्सल मजकूर काउंटरवर पडलेला असतो. पिवळा बेदाणा पिवळा का आणि हिरवा हिरवा का, हा प्रश्न फोनवर सतत येतो. त्याचं उत्तर शेडवरच्या तपशिलासकट लिहा : लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवणं, मग जाळीवर सावलीत सुकवणं, आणि पिवळ्यासाठी गंधकाची धुरी. असं पान तासगाव-सांगली पट्ट्यातला माणूसच लिहू शकतो. दिल्लीतल्या लेखनसंस्थेला ते जमत नाही. हळकुंड, गड्डा आणि कणी शेजारी-शेजारी ठेवून काढलेला फोटो, पॉलिश केलेलं आणि न केलेलं हळकुंड, पावसाळ्यात डब्यातली पावडर गोळा का होते : प्रत्येकाचं एक पान होतं. हंगामच वेळापत्रक देतो. वर्षाच्या सुरुवातीला नव्या हळदीचे सौदे, उन्हाळ्याच्या तोंडावर बेदाणा, पावसाळ्यात साठवण, ऑक्टोबरमध्ये छाटणी आणि दिवाळीचे बॉक्स. महिन्याला दोन पानं नीट झाली तरी पुष्कळ.

दराची रोज नवी पोस्ट मात्र करू नका. ‘आजचा हळद दर’ नावाच्या एकेका ओळीच्या दोनशे पोस्ट साचल्या की संपूर्ण साइट पातळ दिसते, आणि गिऱ्हाइकाला शोधात दोन वर्षांपूर्वीचा दर सापडतो. मग फोनवर वाद. एकच पेज ठेवा, त्यात तक्ता : तारीख, प्रत, किमान, कमाल. नवी ओळ वर, जुन्या खाली. वर्षभरात हा तक्ताच अशी माहिती होतो जी दुसऱ्या कुणाकडे नसते. ज्या दिवशी सौदा झाला नाही त्या दिवशी तसं लिहा, कालचा आकडा पुढे ढकलू नका.

फोन, वेळ, किमान ऑर्डर, एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक अशा गोष्टी दहा पानांवर टाइप करायच्या नसतात. त्यांचा एक ‘सिंक्ड पॅटर्न’ करून ठेवा (6.3 आवृत्तीपूर्वी याला ‘रीयुजेबल ब्लॉक’ म्हणत). एका जागी बदल केला की सगळीकडे होतो. वर्डप्रेसमधली ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय.

जुन्या लेखाची नुसती तारीख पुढे ओढण्याची क्लृप्ती बरेच जण सुचवतात. त्याने काही मिळत नाही. 6.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या साइटमॅपमध्ये (गूगलसाठीची पानांची यादी) शेवटच्या बदलाची तारीख जाते, पण ती खरी ठरत असेल तरच गूगल तिला किंमत देतं. परिच्छेद बदला, नवा फोटो लावा, मगच तारीख बदला.

फोटोंचं सांगायचं तर, फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला की वर्डप्रेस मूळ फाइलशिवाय 150 ते 2560 पिक्सेलपर्यंतच्या सात प्रती बनवतं, आणि थीम त्यात आणखी भर घालते. स्वस्त होस्टिंगवर जागा उरते पण फाइलींच्या संख्येची मर्यादा आधी भरते. रुंदी 1600 पिक्सेल, वजन 200 केबीच्या आत, वेबपी स्वरूप, मग चढवा. हळदीचा रंग ट्यूबलाइटखाली खोटा येतो. दाराशी, सावलीतल्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा.

वेळ लावून ठेवलेली पोस्ट कधी कधी निघतच नाही, ‘मिस्ड शेड्यूल’ दिसतं. कारण वर्डप्रेसचं घड्याळ कुणी साइट उघडली तरच टिकटिकतं, आणि कॅशिंग (पानाची तयार प्रत दाखवणं) चालू असेल तर उघडूनही नाही. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधून ते बंद करा आणि सीपॅनेलच्या (होस्टिंगचं नियंत्रण पान) क्रॉन जॉबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, दर 15 मिनिटांनी चालवा. त्याच फाइलमध्ये रिव्हिजन (पानाच्या साठवलेल्या जुन्या प्रती) दहावर आणा. नाहीतर रोज बदलणारं दराचं पेज डेटाबेसमध्ये आपल्या शेकडो प्रती साठवत राहतं.

जुनी पत्रकं श्रीलिपीत (युनिकोडआधीचे मराठी फॉन्ट) असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. पीडीएफमधून उचललेल्या मराठीत वेलांट्या-रफार जागा सोडतात, तेव्हा हाताने तपासणं आलंच. थीममध्ये अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते.

प्लगइन (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी) आठ-दहाच्या वर गेले की अपडेटच्या दिवशी काहीतरी मोडतंच. बॅकअप घ्या, मग बटण दाबा.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा आणि सरासरी आठव्या ते पंधराव्या क्रमांकावर अडकलेली पानं शोधा. नवं लिहिण्याआधी त्यांतच मजकूर वाढवा, कारण लोक ती शोधताहेत पण उघडत नाहीत. आकडे 16 महिने राहतात, त्यामुळे यंदाच्या फेब्रुवारीची तुलना गेल्या फेब्रुवारीशीच करा. हळदीच्या धंद्यात जुलै आणि फेब्रुवारी शेजारी ठेवले तर साइट बुडाल्यासारखी दिसेल.

पेढीवर आठवड्यातून दोन तास देणारा एक माणूस असेल तर वर्डप्रेस घ्या. तो नसेल तर बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि न बदलणारं एक पान पुरे, त्यावर दर लिहू नका.