बीटिंग हार्ट बायपास: दहाव्या वर्षी काय हाती लागतं?

धडधडत्या हृदयावरच्या, म्हणजे पंपविना (हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र न लावता केलेल्या) बायपासची तारीफ बहुतेक वेळा पहिल्या महिन्याची असते. रक्त कमी चढवावं लागतं, श्वसनाचे त्रास कमी होतात, मूत्रपिंडावरचा ताण कमी पडतो. यात खोटं काही नाही. ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीत पंपविना गटातल्या ५०.७ टक्के रुग्णांना रक्त द्यावं लागलं, पंपवाल्या गटात ६३.३ टक्क्यांना. रक्तस्रावामुळे पुन्हा छाती उघडावी लागली ती १.४ विरुद्ध २.४ टक्क्यांची. पण महिनाभराच्या सोयीसाठी कोणी बायपास करून घेत नाही, म्हणून इथे पारख लांबच्या मुदतीची.

त्याच चाचणीत सुमारे पाच वर्षांनी मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक, डायलिसिस आणि पुन्हा करावी लागलेली अँजिओप्लास्टी किंवा बायपास हे सगळं एकत्र मोजलं, तेव्हा आकडे आले २३.१ आणि २३.६ टक्के. म्हणजे बरोबरी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या २,२०३ रुग्णांच्या ‘रूबी’ चाचणीत मात्र पाच वर्षांतले मृत्यू पंपविना १५.२ टक्के आणि पंपासह ११.९ टक्के. दहा वर्षांनी तेच आकडे ३४.२ आणि ३१.१ झाले. हा दहा वर्षांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरत नाही, पण लांबच्या मुदतीत पंपविना बाजूचं पारडं कुठेही जड झालेलं दिसत नाही.

दोन चाचण्यांत इतका फरक का? आमच्या मते मुख्य कारण ऑपरेशन करणारे हात. ‘कोरोनरी’त सर्जनने त्या त्या पद्धतीच्या शंभराहून जास्त शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात अशी अट होती. ‘रूबी’त पंपविना वीस पुरेशा होत्या. तिथे १२.४ टक्के रुग्णांना ऐनवेळी पंपावर घ्यावं लागलं, १७.८ टक्क्यांना ठरल्यापेक्षा कमी ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या) मिळाले (पंपावर ११.१ टक्के), आणि वर्षभराने उघडे असलेले ग्राफ्ट ८२.६ विरुद्ध ८७.८ टक्के निघाले. पुढच्या दहा वर्षांचं नशीब बरंचसं इथेच ठरतं.

अडचण हृदयाच्या मागच्या बाजूला असते. समोरची एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी, स्टॅबिलायझर या उपकरणाने दाबून स्थिर करणं सोपं. मागे वळणाऱ्या सर्कमफ्लेक्स धमनीच्या फांद्यांपर्यंत पोचायला हृदयाचं टोक वर उचलावं लागतं. त्यात उजवा कप्पा दबतो, रक्तदाब घसरतो. मग टेबल डोक्याकडून खाली झुकवायचं, सलाइन वाढवायचं, गरज पडली तर हृदय परत मूळ जागेवर ठेवून थोडं थांबायचं. धमनी दीड मिलिमीटरपेक्षा बारीक, कॅल्शियमने कडक किंवा स्नायूत बुडालेली असेल, तर टाके चुकतात किंवा ती फांदी सोडूनच दिली जाते. धमनीत शंट (बारीक नळी) घातला की पुढे रक्त चालू राहतं आणि टाक्यांची जागा कोरडी मिळते. शेवटी ग्राफ्टमधला रक्तप्रवाह मोजणारा फ्लोमीटर लावायलाच हवा. प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटरपेक्षा कमी आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा निर्देशांक) पाचच्या वर असेल, तर छाती बंद करण्याआधी तो जोड पुन्हा तपासावा. हे मोजमाप न करणाऱ्या केंद्राला आम्ही निम्मे गुण कापू.

ही पद्धत खरी खुलते ती महाधमनीत कॅल्शियमचे थर असलेल्या रुग्णात. छातीतल्या दोन्ही धमन्या वापरून, महाधमनीला हातही न लावता काम झालं, तर पक्षाघाताचा धोका कमी होतो. पण पंप टाळला आणि पायाची शीर जोडायला महाधमनीवर अर्धवट क्लॅम्प (चिमटा) लावलाच, तर त्या फायद्याचा मोठा हिस्सा गेला. नुसतं वय जास्त म्हणून पंपविना निवडण्यालाही फारसा आधार नाही. जर्मनीतल्या ७५ वर्षांवरील २,५३९ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांचे मृत्यू जवळपास सारखे होते, अपुरे ग्राफ्ट मात्र पंपविना जास्त.

तेव्हा सही करण्याआधी सर्जनला विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, किती रुग्ण मध्येच पंपावर घ्यावे लागतात, माझ्यात किती ग्राफ्ट ठरलेत आणि कोणत्या धमन्या वापरणार? डिस्चार्ज कार्डावर ठरलेले आणि झालेले ग्राफ्ट दोन्ही लिहून घ्या. छातीतली डावी धमनी एलएडीला जोडलेली असेल, तर दहा वर्षांनी ती उघडी असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. पायाच्या शिरांपैकी साधारण निम्म्या तोवर बंद किंवा खराब होतात, पंप वापरलेला असो वा नसो.

शिरेच्या ग्राफ्टसाठी पहिलं वर्ष नाजूक. पंपविना शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी जास्त राहते, म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध वर्षभर देण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल असतो. दाताच्या कामासाठी ही औषधं परस्पर बंद करू नका. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन कायमचं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किमान सत्तरच्या खाली. पहिल्याच वर्षात छातीतलं दुखणं परतलं तर आधी संशय जोडावर घ्यावा. पाच-सात वर्षांनी परतलं तर शिरेतल्या किंवा मूळ धमनीतल्या नव्या अडथळ्यावर. सीटी अँजिओग्राफीत ग्राफ्ट चांगले दिसतात, पण तपासणाऱ्याकडे जुनं ऑपरेशनचं टिपण असेल तरच कोणता ग्राफ्ट कुठे शोधायचा हे त्याला कळतं.